काम थांबवणारे आमचे जावई

लोकांचे जावई काही ना काही करतात. कुणाचा इमारती बांधतो, कुणाचा दात उपटतो, समोरच्या बाईंचा तर विमानात बसून ढगांची मापं घेतो म्हणे, खरंखोटं त्यांनाच ठाऊक. आमचे जावई काम थांबवतात. आणि त्याचा त्यांना दरमहा पगार मिळतो.

थट्टा नाही करत मी. मुलगी त्यांना पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा मी सरळच विचारलं होतं, "तुम्ही नक्की करता काय?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, तोंडातला घोट गिळला, मग सावकाश म्हणाले, "चष्म्याच्या भिंगांचा कारखाना आहे, तिथले कॉम्प्युटर सांभाळतो. रोज दुपारी सगळे थोडा वेळ थांबवतो आणि बॅकअप घेतो. म्हणजे आतल्या सगळ्या माहितीची एक प्रत काढून बाजूला ठेवतो."

"आणि उरलेला दिवस?"

"ते उद्या नीट थांबावेत म्हणून तयारी करतो."

मी मुलीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती, जणू तिथं पंखा नवीनच बसवलाय.

आता मी पडले शिंपीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. एक शटर, एक आरसा, कापायचं लांब टेबल आणि दोन मशीन. माझे पाय पायडलवर गेले की डोकं शांत होतं, आणि पाय थांबले की जीभ सुरू होते, असं माझी लेक म्हणते. तिला म्हणायला काय जातं! दुसरं मशीन मी तिच्यासाठीच घेतलं होतं. पण पोरगी डावखुरी. कात्री डाव्या हातात, सुई डाव्या हातात, मशीनवर बसली की कापड उलट्या बाजूनं सरकवायची. तुरपाई करायला दिली तर तिचा प्रत्येक टाका भलतीकडेच कलायचा. मी उसवायला लावायचे, ती परत तसंच करायची. शेवटी एकदा तिनं सुई टेबलात खुपसली आणि "तुझं दुकान तुलाच लखलाभ!" म्हणून निघून गेली. आता ती एका शाळेच्या कचेरीत आहे. दुसऱ्या मशीनवर मी कापडाचे तुकडे ठेवते.

तर असं आमचं मायलेकींचं घर. आम्ही दोघी एकाच वेळी बोलतो आणि दोघींना दोघींचं सगळं ऐकू येतं. त्यात हे जावई आले. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत बोलत नाहीत. पूर्ण झाल्यावरही जरा थांबतात, आणखी काही शेपूट राहिलंय का बघतात, मग बोलतात. पहिले काही महिने माझ्या डोक्याला नुसता ताप. टेलिफोनवर बोलताना वाटायचं लाइन गेली.

लेक त्यांना माझ्यासमोर 'अहो' म्हणते आणि स्वयंपाकघरात 'अरे'. मला काय ऐकू येत नाही!

मग एक वेळ अशी आली की सुईत दोरा जाईना. मी सुया बदलल्या, रीळ बदललं, दुकानातला दिवा बदलला. उजेडाभोवती कडं दिसायला लागलं, तरी मी म्हणायचे दिवाच भिकार निघाला. शेवटी सगळा राग चष्म्यावर निघाला. चष्मा कुठला? जावयांच्या कारखान्यातला. मी तडक तिथं गेले आणि दारातच म्हटलं, "जावईबापू, तुमच्या कारखान्याचं भिंग खोटं आहे."

"तपासून घेऊ आई," ते म्हणाले. "फक्त जरा वेळ थांबा. आता आमची थांबायची वेळ झाली आहे."

म्हणजे मी थांबायचं ते त्यांना थांबवायचं होतं म्हणून. मला हसू आलं. मी एका स्टुलावर बसले.

तो हॉल लांबलचक होता. एका बाजूला टेबलांची रांग, प्रत्येकावर कॉम्प्युटर, कानाला फोन लावलेली माणसं. शहरभरच्या चष्म्याच्या दुकानांतून नंबर यायचे आणि ही माणसं ते आत घालायची. काचेपलीकडे भिंगं घासायची यंत्रं, त्यांच्यावर पाण्याची धार, खाली ओळीनं ट्रे. सगळीकडे खडखड, घरघर, टकटक. माझं मशीन त्यापुढे कुजबुजतं असं म्हणायला हवं.

जावयांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि त्यांचा आवाज सगळ्या हॉलभर आला. "हातातलं संपवा. नवीन घेऊ नका."

एकदम गडबड उडाली. "हॅलो, नंतर करते हं तुम्हाला," "नाही साहेब, आता नाही," अशी वाक्यं सगळीकडून. टकटक आधी वाढली, मग कमी झाली. मग जावई म्हणाले, "हात वर!"

आणि देवाशपथ सांगते, सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. चोर पकडल्यावर करतात तसे. घाबरून मीही केले, पिशवीसकट. एका बाईचं नाक खाजत होतं, ती ते खांद्याला घासत होती, पण हात खाली घेईल तर शपथ. जावई आपल्या स्क्रीनकडे बघत होते. "एक ऑर्डर अजून आत जातेय. कुणाची?"

"माझी माझी, झालीच," कोपऱ्यातून आवाज आला.

"झालीच नको. झाली म्हणा."

जरा वेळानं कोपरा म्हणाला, "झाली." जावयांनी दोन-चार बटणं दाबली. काचेपलीकडची यंत्रंही एकेक करून गप्प झाली. पाण्याची धार थांबली. इतकं शांत झालं की बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला.

माझ्या शेजारी भिंगं घासणारा एक म्हातारा कारागीर उभा होता. हात वर ठेवूनच तो माझ्या कानाशी लागला. "तुमचे जावई का ते? आम्ही त्यांना थांबेश्वर म्हणतो."

"रोज चालतं हे?"

"रोज. ते यायच्या आधी चालत्या कामातच प्रत काढायचे. उजव्या डोळ्याचे नंबर एका कॉम्प्युटरवर, डाव्याचे दुसऱ्यावर, कारण यंत्रं वेगळी. उजव्याची प्रत काढून डाव्यावर जाईपर्यंत मधे नव्या ऑर्डरी घुसायच्या, जुन्या पुढे सरकायच्या. कुणाला पत्ता नाही. मग एकदा कॉम्प्युटर जळले. ती प्रत परत चढवली. अहो, उजवं भिंग आपलं आणि डावं परक्याचं! एक मास्तर पायरी समजून हवेत पाय टाकायचे. एका बाईंनी दुसरीच्याच नवऱ्याला दम भरला."

मला हसू आवरेना, आणि हात वर असताना हसणं फार कठीण असतं, पोट दुखतं. पण मला लगेच कळलं. पोराचं माप घेताना हेच होतं. खांद्याला फीत लावली तेव्हा पोरगं सरळ उभं, कमरेला लावेपर्यंत वाकून गोट्या शोधतंय. खांदा एका पोराचा आणि कंबर दुसऱ्याची, असा शर्ट होतो. आधी पोराला उभं करायचं, श्वास सोडायला लावायचा, मग फीत लावायची.

"हात खाली!" जावई म्हणाले, आणि सगळा हॉल परत खडखडायला लागला.

मी त्यांना विचारलं, "अहो, कॉम्प्युटरला कुलूप घालता येत नाही का? माणसांना कशाला शिक्षा?"

"कुलूप घालतोच आई. पण आत कुलूप असलं तरी माणसं बाहेरून बटणं दाबतच राहतात. कुलूप उघडलं की ते सगळं धाडकन आत घुसतं. हात वर असले की मनसुद्धा थांबतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि हात खाली घ्या आता तुमचे."

कारखान्यातल्या डोळे तपासणाऱ्या बाईंनी मला यंत्रापुढे बसवलं. भिंग बरोबर होतं. माझ्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन सोपं आहे म्हणाल्या, दवाखान्यात एकामागून एक दोन्ही डोळे करतील, पण मधले काही आठवडे वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही, मशीनवर बसायचं नाही.

मी चष्मा पिशवीत टाकला आणि म्हटलं, "मग नकोच."

लोकांना वाटलं म्हातारी सुरीला घाबरली. सुरीला कशाला घाबरते मी! मला शटरची भीती होती. माझ्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी शटर ओढलं, थोडे दिवस म्हणून. गिऱ्हाईक दोनदा आलं, तिसऱ्यांदा दुसरीकडे गेलं. काकांचा गुडघा बरा झाला पण शटर काही वर गेलं नाही. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि काका संध्याकाळी येऊन ती कव्हरं बघत उभे राहतात. दुकान गेलं की मी कोण? कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू, खुर्चीत बसवून ठेवलेली.

लेक-जावई माझ्याकडे आले तेव्हा हे मी लेकीला सांगायला गेले तर ती उसळलीच. "मग कर ना बंद दुकान! किती दिवस ओढणार आहेस अजून? पुरे झालं आता!"

"तुझ्या पैशानं चालतं का माझं दुकान?"

"पैशाचं कोण बोलतंय!"

"मग कशाचं बोलतेस?"

यावर तिनं उत्तराऐवजी चहाचे कप उचलले आणि विसळायला नेले. आमच्या घरात असं कधी होत नाही. मी समजले, हिला म्हाताऱ्या आईची लाज वाटायला लागली. मला इतका राग आला की मी पर्स उचलून निघाले, आणि दाराशी आल्यावर आठवलं की घर माझंच आहे.

जावई कोपऱ्यात बसून होते. आम्ही दोघी संपलोय याची खात्री झाल्यावर म्हणाले, "आई, बंद करणं वेगळं आणि थांबवणं वेगळं."

"अहो, शटर खाली ते खाली. शब्दांचे खेळ नकोत मला."

"खेळ नाही. कसंतरी बंद केलं की परत कुठून सुरू करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. नीट थांबवलं की ठाऊक असतं. मला आयुष्यात एवढं एकच काम येतं. ते तुमच्यासाठी करतो."

मी म्हटलं, "किल्ली कुणाकडे राहील?"

"माझ्याकडे. तुम्ही ज्या अवस्थेत दुकान सोडाल, त्याच अवस्थेत परत तुमच्या हातात देईन. टाचणीसुद्धा हलणार नाही. शब्द देतो."

त्यांच्या शब्दावर मी डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार झाले. नाहीतर मी कुणाला जुमानणारी बाई नव्हे.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी कारखाना सुटला की स्वारी माझ्या दुकानात. गळ्यात माझी टेप अडकवून स्टुलावर बसायचे. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की मी हात पुढे करायच्या आत म्हणायचे, "नमस्कार. आम्ही हातातलं संपवतोय. नवीन घेत नाही." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी छताकडे बघायचे. लेकीनं हे छताकडे बघणं कुणाकडून उचललं ते तेव्हा कळलं. प्रत्येक कापडाला त्यांनी त्याचंच माप टाचणीनं टोचून ठेवलं. मी म्हटलं, "सगळं माझ्या डोक्यात आहे." तर म्हणाले, "डोकंच चाललंय ऑपरेशनला." शटरवर पाटी लावली: 'काम थांबलं आहे. बंद नाही.'

मी भराभर हातातलं संपवत होते. तयार झालं की दांड्यावर टांगायचं. एरवी लेक शाळेतून येताना तयार कपडे घरी घेऊन जायची, तिची इस्त्री वाफेची आहे ना, आणि इस्त्री करून गिऱ्हाइकांना पोचवायची. तिचा तेवढाच हातभार. पण त्या आठवड्यात तिच्या शाळेत परीक्षा, तिला यायला जमेना, म्हणून दांडा भरत गेला.

आणि मधेच दवाखान्यातून फोन आला. कुणाचा तरी नंबर रद्द झाला होता, उद्या सकाळीच या म्हणाले. मी एका कोटाची बाही लावत होते. सुई कापडात, अर्धी बाही लागलेली, अर्धी लोंबतेय. जावई म्हणाले, "हात वर, आई."

"एवढी बाही होऊ द्या हो!"

"अर्धी राहिली तर चालेल. ती अर्धी आहे हे आपल्याला माहीत आहे. हात वर."

मी हात वर केले. काय सांगू, रडू आलं. त्यांनी दिवा घालवला, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली वरच्या खिशात टाकली. तेवढ्यात लेक धावत आली, घामाघूम. "अहो, तयार कपडे? मी नेते ना इस्त्रीला!"

"थांबलंय आता," जावई म्हणाले.

"दोन मिनिटं उघडा."

"नाही."

तिचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. म्हटलं, बघा, एवढी भांडते पण इस्त्रीची काळजी किती पोरीला.

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. मी त्यांच्याच घरी होते, डोळ्यांवर पट्टी, दिवसातून किती वेळा ते थेंब. डोळे झाकले की कान ताठ होतात. स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज यायचा, "अरे, किल्ली दे ना. एकदाच जाऊन येते." आणि जावई, "शब्द दिलाय." ती, "तुला काही कळतं का, तिनं बघितलं तर?" मग भांड्यांचा आवाज. आणखी एकदा तेच. ही पोरगी कशासाठी माझ्या दुकानात घुसायला बघतेय? माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. मशीन विकायचं आहे? कुणाला दुकान दाखवायचंय? मोबाइलची कव्हरं डोळ्यांपुढे नाचायला लागली, पट्टीच्या आतसुद्धा.

एकदा ती शाळेत गेल्यावर मी जावयांना धरलं. "खरं सांगा. माझं दुकान देऊन टाकताय का कुणाला?"

"टाचणीसुद्धा हलली नाही, आई."

"मग ती किल्ली का मागते?"

त्यांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उघडू तेव्हा तुम्हीच बघा."

शेवटी नवा चष्मा आला. त्यांनी कारखान्यातून स्वतः आणला, डबी उघडून माझ्या हातात दिली. "उजवाही तुमचा आणि डावाही तुमचा. दोनदा तपासलाय." बारीक काम करायला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानावर गेलो. लेक सबंध रस्ताभर आमच्या पुढे चालत होती, जवळजवळ पळतच.

जावयांनी शटर वर केलं आणि बाजूला झाले. "हात खाली, आई."

सगळं जसंच्या तसं. अर्धी बाही सुईखाली लोंबत होती, कात्री मी ठेवली तशीच उघडी. पण रंग! अगं बाई, भिंत मला इतकी वर्षं पिवळट वाटायची, ती चक्क पांढरी होती. दोऱ्यांची रिळं बघून तर मला नाचावंसं वाटलं. निळ्यात इतके निळे असतात हे मी विसरूनच गेले होते. आणि मग मी दांड्याकडे वळले.

पहिला होता पांढरा फ्रॉक. त्याला पिवळट दोरा. दुसरा काळा कोट, त्यावर गडद निळी शिवण. शिवण तरी कसली, पाठीवरून खाली येता येता मधेच डावीकडे जाऊन परत आलेली. एक कॉलर एका बाजूला वर चढलेली. काजं तर बघवत नव्हती. मी एकेक कपडा ओढून काढत गेले आणि माझं डोकं फिरलं.

"कुणी केलं हे? माझ्या दुकानात हात कुणी घातला?"

"कुणीच नाही," जावई म्हणाले.

"मग हे काय आहे? हे माझं काम आहे? असं काम एकदा दिलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल! आणि गेली दोन वर्षं एकानं तक्रार केलेली नाही माझ्याकडे, एकानं!"

लेक भिंतीला टेकून रडत होती. आवाज न करता. तेवढ्यात शटर वर दिसलं म्हणून वाचनालयातल्या बाई आत आल्या, हसत हसत. "उघडलंत का? बरं झालं, माझा दुसरा कोट अडकलाय तुमच्याकडे." त्यांच्या अंगात पहिला कोट होता, माझाच, थंडीच्या आधी शिवलेला. मी पुढे होऊन नमस्कार वगैरे काही न करता त्यांच्या कोटाचं टोक धरलं आणि उलटं केलं. शिवण सरळ. दोरा काळ्यावर काळा. कॉलर बघितली, जागच्या जागी. मग खालची तुरपाई बघितली.

टाके उलटीकडे कललेले होते. सगळे. एकसारखे, बारीक, देखणे, आणि एकूण एक भलतीकडे.

असे टाके मी आयुष्यात एकाच हाताचे पाहिलेत. तेच मी उसवायला लावायचे.

मी स्टुलावर बसले. वाचनालयाच्या बाई बिचाऱ्या कोट धरून तशाच उभ्या. मी लेकीला म्हटलं, "इस्त्री काय गं? इस्त्री?"

"करायचे की," ती नाक ओढत म्हणाली. "उसवून, परत शिवून, मग करायचे."

"सगळे?"

"आधी एखाददुसरा. मग सगळे."

"म्हणून 'बंद कर, बंद कर' चाललं होतं तुझं?"

"दमले होते गं आई. शाळा, घर आणि हे. आणि सांगितलं असतं तर तू परत मशीनला हात लावला असतास का? म्हणून तुला दिसायच्या आत हे सगळं नीट करून ठेवणार होते. पण या माणसानं किल्ली दिली नाही!"

मी जावयांकडे वळले. माझा राग अजून शिल्लक होता आणि तो कुठेतरी जायला हवा होता. "तुम्हाला ठाऊक होतं सगळं!"

"होतं."

"तिनं एवढ्या विनवण्या केल्या. मला ही लाज बघावी लागली नसती!"

"आई," ते म्हणाले, "तिनं मधे हात लावला असता तर आज तुम्हाला सगळं छान दिसलं असतं. तुम्ही खोट्या जागेवरून सुरुवात केली असती, आणि ती परत रोज इस्त्री करत बसली असती." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बोलण्याची वाट न बघता पुढचं वाक्य बोलून टाकलं. "मला तुम्ही दोघी हव्या आहात. खऱ्या."

मला रडायचं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून नुसतंच नाकातून पाणी वाहत राहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मी उठून शटरचा आकडा हातात घेतला होता. ओढावं खाली आणि संपवावं. घड्याळवाल्या काकांशेजारी जाऊन उभं राहावं. मेला मोतीबिंदू काढला तो हे बघायला का?

तेवढ्यात वाचनालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मग माझा दुसरा कोट कधी मिळेल?"

मी त्यांच्या अंगातल्या कोटाकडे परत बघितलं. नव्या चष्म्यातून, चांगला उजेडात धरून. काय टाका होता बाई! माझ्या ऐन उमेदीत मला असा पडला नव्हता. मी आतून बघितला, बाहेरून बघितला, बाहेर तर सुईचा मागमूस नाही. मला राग यायला हवा होता आणि मी चक्क खूश होत होते. शिंपीण ती शिंपीण, दुसरं काय.

मी आकडा खाली ठेवला. लेक-जावई दोघंही एकदम काहीतरी बोलायला लागली होती. मी म्हटलं, "हात वर!"

दोघांनी हात वर केले. जावयांनी आधी, सवयच ती. वाचनालयाच्या बाईंनीही केले.

मी दुसऱ्या मशीनवरचे कापडाचे तुकडे उचलून बाजूला ठेवले, धूळ झटकली, तेलाचे दोन थेंब सोडले. तो काळा कोट काढून लेकीच्या पुढे टाकला. "उसवायचं मी बघते, ते मला अजून येतं. शिवण मी घालीन, आता दिसतंय मला. तुरपाई तुझी. शनिवारी ये, जमेल तेवढी कर, दमलीस की सांग. मनात ठेवायचं नाही. कळलं?"

"डाव्या हातानं करणार हं मी," ती म्हणाली.

"मग काय पायानं करणार? हात खाली!"

तेव्हापासून चाललंय असं. जावई अजून रोज दुपारी सगळ्यांना हात वर करायला लावतात आणि पगार घेतात. शटरवरची पाटी मी काढू दिली नाही. शनिवारी आम्ही दोघी जेवायला बसलो की तीच लावते. बाकी दुकानात काही बदललेलं नाही. फक्त तिचं मशीन माझ्याकडे पाठ करून फिरवून घेतलंय, कारण तिला उजेड उजवीकडून लागतो.